वाळूवरचा नैवेद्य

आमच्या घरात माझी आई आणि तात्या एकमेकांशी बोलत नसत. भांडण होतं म्हणून नव्हे हो. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आणि धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी तोंड उघडून बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दीर सोप्यात आला की पदर पुढं ओढायचा, भांडं ठेवायचं तेही आवाज न करता, आणि काही सांगायचंच झालं तर मधे एखादं पोर घ्यायचं. आमच्या घरातलं ते पोर म्हणजे मी. आई चुलीपाशी, तात्या तिथंच पलीकडं पाटावर जेवायला बसलेले, आणि ते मला म्हणणार, "सुमे, तुझ्या आईला सांग, आमटी झकास झालीया." आईला ऐकू गेलेलं असायचंच. तरी मी मान वळवून सांगायची, "आई, तात्या म्हणत्यात आमटी झकास झालीया." मग आई मला म्हणणार, "त्यास्नी इचार, आजून वाढू का?" आणि तात्या मी विचारायच्या आधीच वाटी पुढं सरकवून मोकळे. मला या सगळ्याची भारी मौज वाटायची. माझ्यावाचून या घराचं पान हलत नाही, असा माझा तोरा होता. आता माझी नातसून माझ्या मुलाशी खुशाल वाद घालते, तो गप्प बसतो आणि मी मधे शेंगा सोलत बसते. कुणाला टपालाची गरज उरलेली नाही, आणि बरंच आहे.

जळोचीला आमची बागायत होती. वांगी, मिरची, घेवडा, बांधाकडेनं केळी आणि थोडा ऊस. पाणी आमच्याकडं आभाळातनं कमी आणि कालव्यातनं जास्त यायचं. कालव्याला पाळी सुटली, म्हणजे ठरल्या दिवशी पाणी सोडलं, की सगळ्या शिवारात गडबड उडायची, आणि त्या गडबडीतले राजे आमचे तात्या. कुणाच्या वावरात पाणी किती वेळात भिजंल, कालव्यातनं वावरापर्यंत पाणी आणणारी चारी कुठं फुटंल, हे विचारायला माणसं आमच्या दारात यायची. कोरड्या चारीत पाणी येताना आधी येतो फेस. मग पाचोळा, काटक्या, एखादी फाटकी वहाण, मेलेला बेडूक, आणि त्यामागनं गढूळ पाणी. आम्ही पोरं चारीच्या कडेनं त्या फेसाबरोबर ओरडत पळायचो. तात्या मात्र शांत. ते काठाशी एक काडी रोवत, तिला नखानं खूण करत आणि म्हणत, "हितवर ईल आन् थांबंल." पाणी तिथवर यायचं आणि थांबायचं. वर दरवाजा आहे, दरवाज्यावर माणूस आहे, माणसाच्या कमरेला किल्ली आहे, मग पाणी जाईल कुठं? दावणीचं जनावर असावं तसं आमचं पाणी होतं. माझी आई मात्र भीमेच्या काठची. तिच्या माहेरी पाण्याला दरवाजा नव्हता. ती चारीत कधी पाय सोडून बसली नाही, आणि बसायला सांगितलं तर म्हणायची, "पान्याकडं पाठ करू ने गं बाई." काकी यावर हसायची.

काकी म्हणजे तात्यांची बायको, सरूकाकी. गोरी, ठेंगणी, बोलताना डोळे मिचकावायची. आईची आणि तिची जाऊ म्हणून जी काही खटपट व्हायची ती मिठावरनं आणि सरपणावरनं, त्यापुढं कधी गेली नाही. काकीच्या हाताला पुरणाची देणगी होती. तिची पोळी तव्यावर फुगली की तिच्यातनं आरपार दिसेल असं वाटायचं, आणि कडेपर्यंत पुरण. पण तिचं एक दुःख होतं. तिची दोन बाळं जन्मली आणि राहिली नाहीत. मग तिनं नरसिंहपूरच्या देवाला नवस बोलला: पोर जगलं तर त्याला घेऊन येईन, भीमा-नीरा दोन्ही नद्यांच्या संगमात न्हाऊ घालीन, आणि तिथंच वाळूवर चूल मांडून, नदीच्याच पाण्यात पुरण शिजवून तुला दाखवीन. घरनं करून नेलेलं चालणार नाही. देव कडक, असं सगळेच म्हणत. त्यानंतर नरहरी झाला. त्याचं नावही देवाचंच ठेवलं. तो पालथा पडायला लागला, बसायला लागला, तरी काकीला झोप नव्हती. त्याला जरा पडसं झालं की ती आईला म्हणायची, "नवस फिटस्तवर ह्यो माझा न्हाय गं. त्येचाच हाय. आर्धं ठिवलं तर माघारी न्हील." आई तिला दटावायची, पण मी पाहिलंय, दटावून झाल्यावर आईच त्याच्या तळपायाला काजळाचा ठिपका लावायची.

वैशाखात नरसिंहपूरची जत्रा होऊन गेली, गर्दी सरली, तेव्हा निघायचं ठरलं. तात्यांच्या ओळखीतल्या अब्बासभाईंची लॉरी मिळाली. एरवी ती ऊस ओढायची, उन्हाळ्यात रिकामी उभी असायची. आण्णा, म्हणजे माझे वडील, आले नाहीत. त्याच दिवशी कालव्याला पाळी सुटायची होती आणि आमची वांगी माना टाकून बसली होती. तात्यांनी त्यांना सगळं तीनतीनदा समजावून सांगितलं आणि मग एकदाचे लॉरीत चढले. पहाटेच्या गारव्यात आम्ही निघालो. मागं उसाच्या पाचटावर घोंगडं टाकून बायका आणि मी, पुढं अब्बासभाईंच्या शेजारी तात्या. आणि आमच्याबरोबर काय होतं म्हणाल, तर घरातला पाटा-वरवंटा! पुरण वाटायला पाटा हवाच, आणि काकीला दुसऱ्याचा चालेना. दोघा गड्यांनी तो धोंडा उचलून लॉरीत ठेवला तेव्हा अब्बासभाई म्हणाले, "वहिनी, देऊळ बांधायला निघालाय का काय?" काकी खदखदून हसली. तिचं तसं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही.

भवानीनगरपर्यंत दोन्ही अंगांना ऊस आणि हिरवं गार. मग एकदम हिरवं संपलं. इंदापूरच्या बाजूचा माळ सुरू झाला, पिवळं गवत, मधेच एखादी बाभळ. त्या माळावर हरणं होती. लॉरीच्या आवाजानं ती उधळायला हवी होती, पण ती सगळी एका बाजूला, मावळतीकडं तोंड करून कान टवकारून उभी होती. मी काकीला दाखवली. ती म्हणाली, "देवाची हायती, भीत न्हाईत." आईनंही पाहिलं. हरणं बघत होती त्या बाजूला तीही बराच वेळ बघत राहिली. तिकडं लांब डोंगरांच्या अंगाला आभाळ जरा काळसर होतं. आमच्या डोक्यावर मात्र लख्ख ऊन. आम्ही न्याहारीला थांबलो तेव्हा बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, दह्यात कालवलेला कांदा असं खाल्लं. माळावर बसून खाल्लेली ती भाकरी आजही माझ्या जिभेवर आहे. वाऱ्याचा मागमूस नव्हता. लॉरीचं इंजिन थांबल्यावर इतकं शांत झालं, की नरहरी दचकून रडायला लागला.

नरसिंहपूरला देऊळ उंचावर आणि खाली पायऱ्यांचा दगडी घाट. घाटाखाली वाळूच वाळू. डाव्या हाताला भीमा, उजव्या हाताला नीरा, दोघीही उन्हाळ्यानं वाळून गेलेल्या. घाटापासून पुढं गेलं की पाण्याची एक धार लागायची, माझ्या घोट्याला पुरेल एवढी. ती ओलांडली की वाळूचा मोठा उंचवटा, आणि त्याच्या टोकाशी दोन्ही पाणी मिळायची. नवसाची जागा तीच. पाणी इतकं निवळ की तळाच्या शिंपल्या मोजाव्यात. वाळूत कलिंगडाच्या वाड्या होत्या, पण त्यातली माणसं खोपी मोडून बासनं डोक्यावर घेऊन घाटाकडं निघालेली. एक म्हातारी आमच्यापाशी थांबली, तिनं बाळाचा गालगुच्चा घेतला आणि दोन कलिंगडं काकीच्या पुढ्यात ठेवली. "घ्या लेकी, ऱ्हायलीती तितंच सोडलीत." तात्यांनी विचारलं, "का वं म्हातारे, येवढ्यात उठला? आजून वेल हिरवं हायती की." म्हातारी म्हणाली, "राती वरल्या अंगाला लई ईज नाचत हुती, बाबा. आमी जातो." तात्या हसले. "वैशाखात ईज नाचायची न्हाय तर काय करायची?" म्हातारीनं आमच्या चुलीच्या दगडांकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि ती चालायला लागली.

बाळाला न्हाऊ घातलं. थंड पाण्यानं ते किंचाळलं आणि मग खिदळायला लागलं. तात्या त्याला दोन्ही नद्यांच्या मधे धरून उभे होते आणि त्यांचे डोळे भरले होते. तात्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग काकीनं चूल मांडली. नदीचं पाणी, नदीकाठच्याच बाभळीच्या काटक्या. डाळ शिजायला लागली. तिच्या वासानं माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले, पण नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी बोट लावायचं नाही. कलिंगडसुद्धा कापायचं नाही. आईनं कट काढून आमटीला फोडणी दिली. काकी पाट्यापाशी गुडघे टेकून पुरण वाटत होती, गूळ-वेलदोड्याचा वास वाळूवर दरवळत होता, नरहरी धोतराच्या झोळीत झोपलेला. अशा वेळी सुखच वाटायला हवं. मला आठवतंय मात्र ते वेगळं. एकही पाखरू बोलत नव्हतं. मघाशी पाण्याकाठी बगळे होते, तेही कुठं दिसेनात. आणि लांब, अगदी लांब, कुणीतरी माळ्यावर धान्याची कणगी सरकवावी तसा आवाज अधूनमधून येत होता. मी आईला विचारलं, "काय वाजतंय गं?" आई म्हणाली, "गप."

पहिली पोळी तव्यावर पडली तेव्हा आईनं धारेकडं पाहिलं. मीही पाहिलं. नीरेच्या अंगानं फेस येत होता. मागनं पाचोळा, काटक्या. मला तर आनंदच झाला. मी ओरडले, "तात्या, पाळी आली!" तात्या बाळाच्या झोळीपाशी पागोटं उशाला घेऊन पडले होते. ते कोपरावर उठले आणि खूश झाले. "व्हय की गं! आजच सुटायची हुती. उरल्यालं पानी सांडव्यातनं नदीत सोडत्यात, त्येच हाय ते." आईनं मला जवळ ओढलं. तिची बोटं माझ्या दंडात रुतली. ती हळू म्हणाली, "तुझ्या तात्यास्नी सांग, पानी लाल हाय. मातीचा वास येतुया. वर चला म्हनावं." तात्या आमच्यापासून इतके जवळ होते की हात लांबवला असता तर लागला असता. मी वळून सांगितलं. तात्या म्हणाले, "आईला म्हनावं, कालव्याचं पयलं पानी लालच असतं. घोट्याच्या वर यायचं न्हाय." आणि त्यांनी उठून धारेच्या काठाशी एक काडी रोवली, नखानं खूण केली आणि परत येऊन पडले. काकीनं दुसरी पोळी लाटायला घेतली. नैवेद्याला पाच लागत.

पाणी काडीच्या खुणेपर्यंत आलं आणि थांबलं. अगदी चारीत थांबायचं तसं. तात्यांनी मला डोळ्यानं खुणावलं, बघ! मला इतकं बरं वाटलं की मी आईकडं बघून हसले. आई हसली नाही. ती उभी राहिली होती, पदर डोक्यावरनं घसरला होता, तिला त्याचं भान नव्हतं. तिनं मला पुन्हा म्हटलं, "सांग त्यास्नी, नदी दम घेतीया. थांबली न्हाय." मी सांगितलं. या वेळी तात्यांचा आवाज चढला. "सुमे, तुझ्या आईला सांग, मी पानी बघत म्हातारा झालो. नैवेद्य आर्ध्यात हाय. आर्ध्यात उठून देवाचा राग घ्यायचा का?" काकीनं हे ऐकलं आणि तिचं लाटणं जोरात फिरायला लागलं. ती आईला म्हणाली, "तीन झाल्यात गं. दोनच ऱ्हायल्यात. तू बाळाला बघ." आई दोघांच्या मधे उभी. एका बाजूला जाऊ, जिला समजवायचं तर नवस आडवा. दुसऱ्या बाजूला दीर, ज्याच्याशी बोलायचं तर रीत आडवी. मला तेव्हा हे काही कळत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की आईचे ओठ हलतायत आणि आवाज येत नाही.

मग काडी गेली. वाकली नाही, हळूहळू बुडाली नाही. होती आणि नव्हती. आणि आईच्या तोंडून आवाज फुटला. "तात्या! उठा! पोरं उचला!"

आजही माझ्या अंगावर काटा येतो तो पाण्याच्या आठवणीनं नव्हे, त्या हाकेच्या. माझ्या जन्मापासून त्या माणसापुढं जिनं तोंड उघडलं नव्हतं तिची ती हाक. तात्या क्षणभर तिच्याकडं बघतच राहिले, जणू दुसरंच कुणी बोललंय. मग त्यांनी मला काखोटीला मारलं. काकीनं झोळीतनं बाळ उचललं, आईनं तिच्या कमरेला विळखा घातला, आणि आम्ही धारेत शिरलो. मघाची घोट्याएवढी धार आता तात्यांच्या मांडीला लागत होती, आणि पायांखालची वाळू सरकत होती. काटक्या अंगावर आपटत होत्या. पण आम्ही पार झालो. घाटाची पायरी पायाला लागली. तात्यांनी मला वरच्या पायरीवर टाकलं आणि "अब्बासभाई, दोर! दोर आना!" असं ओरडत ते वर लॉरीकडं धावले, कारण कलिंगडाच्या वाडीतली मागं राहिलेली दोन माणसं अजून पाण्यात होती. तेवढा वेळ आम्ही तिघी खाली होतो. काकी धापा टाकत होती. तिनं मागं वळून पाहिलं. उंचवट्यावर सगळं तसंच होतं. चूल धुमसत होती. पाट्यावर नैवेद्याचं तबक, केळीच्या पानानं झाकलेलं. ती म्हणाली, "नैवेद्य ऱ्हायला."

आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे, बाई. देवाला दिसतंय." काकी म्हणाली, "आर्धं ठिवलं तर न्हील त्यो. तुला म्हाईत न्हाय का? न्हील." तिनं बाळ आईच्या हातात कोंबलं. "धर गं, आले." आईचे दोन्ही हात बाळाखाली अडकले. तिनं कोपरानं काकीचा पदर दाबून धरला, तो सुटला. तिनं हाका मारल्या, मीही मारल्या. काकी कमरेएवढ्या पाण्यातनं तिरपी तिरपी होत गेली आणि खरंच पलीकडं पोचली. तिनं मागं वळून हातानं खूण केली, आलेच. तबक उचललं, पान सारखं केलं. आणि तेव्हा वरच्या अंगानं तो आवाज आला. सकाळपासनं लांबवर जो वाजत होता, तोच, आता जवळ. नीरा सगळ्या पात्रभर आली. मधली धार कुठली ते कळेना. काकीनं पाण्याकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, आणि तिला समजलं. ती ओरडली नाही. तिनं देवळाच्या शिखराकडं तोंड केलं, तबक दोन्ही हातांनी कपाळापर्यंत उचललं आणि नैवेद्य दाखवला. पाणी तिच्या पोटऱ्यांना होतं. मग गुडघ्यांना. तिनं घाई केली नाही. तबक खाली घेतलं, त्यातला घास मोडून पाण्यात सोडला. तात्या दोर घेऊन पायऱ्यांवरनं कोसळत खाली आले तोवर तिथं वाळू नव्हती, चूल नव्हती, आणि ती नव्हती.

पुढं भीमेच्या काठी एका गावात ती सापडली. मी पाहिलं नाही, मला पाहू दिलं नाही. परतीच्या वाटेवर लॉरीत आई नरहरीला छातीशी धरून बसली होती आणि तो भुकेनं रडत होता. तात्या पुढं बसले नाहीत. ते मागं पाचटावर, जिथं पाटा ठेवला होता त्या जागेवर हात टेकून बसले. जळोचीला पोचलो तेव्हा आण्णा चारीवर उभे होते, पाणी ठरल्यासारखं खुणेपर्यंत येऊन थांबलं होतं, वांगी भिजत होती.

नरहरीला आईनं वाढवला. शेळीच्या दुधावर, माझ्या मांडीवर आणि आईच्या कुशीत. तो तिलाच आई म्हणायचा. आज तो स्वतः आजोबा आहे, साखरेचा आजार जडलाय, आणि तरी दर सणाला मला फोन करून विचारतो, "अक्के, काकीची पोळी कशी असायची गं?" तिला तो काकीच म्हणतो, बिचारा. मी सांगते. दर वेळी तेच सांगते, आणि दर वेळी तो पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकतो. आमच्या घरात पुढं कितीतरी वर्षं पाटा नव्हता. आई वाटण करायला शेजारी जायची. तात्या आणतो म्हणाले नाहीत आणि आईनं मागितला नाही. पाळीचं विचारायला माणसं येत, तर तात्या म्हणत, "आण्णाला इचारा." चारीला फेस आला की ते घरात जाऊन बसत.

आणि तुम्हाला वाटेल, त्या हाकेनंतर आई आणि तात्या बोलायला लागले असतील. छे! दहावं-बारावं झालं आणि रीत पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसली, वर चढलेलं मांजर खाली येऊन बसावं तशी. पुन्हा मी मधे. एकदा जेवताना तात्यांचा हात ताटातच थांबला. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "सुमे, तुझ्या आईला इचार. त्या दिशी तिनं आदी का न्हाय हाक मारली?" आई चुलीपाशी होती, तिच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची राहिली. मी वळून विचारायची गरज नव्हती, तरी मी वळले. मग आई म्हणाली, "त्यास्नी सांग, मारली हुती. दोनदा. तुझ्या तोंडानं." मी सांगितलं नाही. सांगायला काय उरलं होतं? तात्या ताटावरनं उठले, आणि त्या दिवशी मला कळलं की मधलं टपाल असण्यात मौज नसते. मी त्यानंतर निरोप न्यायचं सोडलं. आईनं कितीदा धपाटे घातले, पण नाही म्हणजे नाही. मग ती दोघं काही लागलं तर भिंतीशी बोलायची.

माझं लग्न ठरलं ते इंदापूरकडच्या घरात. तिथंही थोरले दीर होते, भारदस्त, झुपकेदार मिश्यांचे. पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका रडत होत्या, आई मला कुरवाळत होती, नरहरी माझ्या शालूला धरून भोकाड पसरून होता. तात्या एका बाजूला उभे होते. तेव्हा ते बरेच थकले होते. आमच्याकडं मुलीकडच्यांनी हात जोडायचे ते "काही चुकलं माकलं तर पदरात घ्या" असं म्हणून. तात्या पुढं झाले, माझ्या थोरल्या दिरांसमोर उभे राहिले, आणि त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं.

"पावनं," ते म्हणाले, "आमची पोरगी तुमच्याम्होरं तोंड उघडंल. तिला तशी मी सवय लावलीया. रीत मोडली म्हनू नगा. ती काय सांगंल ते एकदा ऐकून घ्या, आन् मग काय करायचं ते करा."

दिरांनी मान हलवली. आणि माझ्या मागून, भरल्या मांडवात, डोक्यावरचा पदर न ओढता आई म्हणाली, "तात्या, पागोटं घाला. ऊन लागंल."

तात्यांनी पागोटं घातलं.